मोफसल पत्राचें शेवटचें पान

जुन्या वर्तमानपत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या पानावरच थांबतात. अग्रलेख कोणी लिहिला, त्यावर खटला झाला कीं नाहीं, संपादकास शिक्षा किती झाली, एवढें कळलें म्हणजे त्या पत्राचें चरित्र संपलें असें त्यांस वाटतें. पुण्यामुंबईच्या मोठ्या पत्रांपुरतें हें ठीक आहे. परंतु जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गांवीं निघणाऱ्या लहान साप्ताहिकाचें खरें चरित्र त्याच्या शेवटच्या पानावर, बारीक खिळ्यांच्या दाटींत दडलेलें असे. पहिल्या पानावरच्या बातम्या बहुतांशीं मुंबईच्या पत्रांतून उतरून घेतलेल्या, म्हणजे गांवास पोंचेपर्यंत शिळ्या झालेल्या. शेवटच्या पानावरची नोटीस मात्र त्याच गांवच्या माणसानें, पदरचे पैसे मोजून, स्वतःच्या गरजेसाठीं दिलेली. ज्याचें नांव संपादकानें आपण होऊन कधींच छापलें नसतें, असा मनुष्य येथें स्वतःच्या तोंडानें बोलतो.

रत्नागिरीचें उदाहरण घ्यावें. कलेक्टराची कचेरी, दिवाणी कोर्टें, हायस्कूल, बंदर, आणि १८२८ सालीं स्थापन झालेलें वाचनालय, एवढा संसार असलेलें हें जिल्ह्याचें गांव. १८७१ सालीं येथें ‘सत्यशोधक’ नांवाचें साप्ताहिक निघालें. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज त्यानंतर दोन वर्षांनीं पुण्यास स्थापन झाला. नांव एक म्हणून दोहोंचा संबंध जोडणें चूक होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं ‘बकुल’ हें दुसरें साप्ताहिकही गांवांत होतें. अशा मोफसल पत्रांचा खप शेंकड्यांत मोजण्यासारखा असे. पण एक अंक दहाजण वाचीत, आणि ज्यांस वाचतां येत नसे त्यांस कोणी तरी वाचून दाखवी. त्यामुळें जाहिरात देणारा खपाच्या आंकड्यापेक्षां गांवच्या ओटीवर अधिक भरंवसा ठेवी.

या गांवच्या माणसास पत्रांत प्रथम काय पाहावयाचें असे? ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ सालीं मृत्यु पावेपर्यंत याच गांवीं नजरकैदेंत होता. परगांवच्या माणसास त्याची नवलाई वाटे. रत्नागिरीकरास आगबोट केव्हां येणार हें आधीं हवें असे. कोंकण रेल्वेची वाट अखेरपर्यंत खुली होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. शतकाच्या आरंभीं मुंबईशीं मुख्य संबंध तो समुद्रावरूनच. बोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंस होडींतून हेलकावे खात तिच्यापर्यंत जावें लागे. पावसाळ्यांत हाही मार्ग बंद. अमुक तारखेपासून बोटी बंद, अमुक तारखेपासून पुन्हां सुरू, अशा दोन ओळींच्या नोटिशींत किती घरांचा जीव गुंतलेला असे! बोटी पुन्हां सुरू होण्याची तारीख गणेश चतुर्थीच्या अलीकडे पडते कीं पलीकडे, यावर मुंबईच्या गिरणींत राबणारा मुलगा सणास घरीं येणार कीं नाहीं हें ठरे. ती नोटीस वाचणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीनें त्या अंकांत दुसरी बातमीच नसे.

आतां हें पान छापलें कसें जाई तें पाहूं. गांवचा छापखाना म्हणजे हातानें ओढावयाचें एक लोखंडी यंत्र, खिळे जुळविणारे एक दोन इसम, आणि शाईचा रूळ फिरविणारा एक पोरगा. संपादक, प्रकाशक, छापखान्याचा मालक आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारा कारकून हे चारही पुष्कळदां एकच गृहस्थ असत. मराठी खिळ्यांत मुंबईच्या निर्णयसागराची, म्हणजे जावजी दादाजींच्या कारखान्याची, ख्याति मोठी होती. परंतु देवनागरीची जुळणी इंग्रजीसारखी सोपी नव्हे. जोडाक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या, उकार मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. लहान छापखान्यांत ते पुरेसे कोठून असणार? म्हणून एकदां जुळविलेली जाहिरात सहसा मोडीत नसत. ती दोऱ्यानें बांधून तशीच बाजूस ठेवीत आणि आठवड्याच्या आठवड्यास यंत्रावर चढवीत. तेवढी जुळणावळ वांचे, आणि पुढच्या खेपांचा दर पहिल्या खेपेपेक्षां कमी ठेवणेंही संपादकास परवडे. ‘नवीन माल नुकताच आला आहे’ असें सांगणारी कापडवाल्याची जाहिरात पुढल्या वर्षींही तशीच दिसावी, याचें कारण दुकानदाराचा लबाडपणा नव्हे, तर छापखान्याची ही काटकसर होय. मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडून चित्रांचे तयार ठसे येत. गांवच्या दुकानदारास चित्र परवडत नसे. त्याच्या मजकुराच्या आरंभीं बोट दाखविणारा एक हात छापला म्हणजे त्याची हौस भागे.

या पानाचा मोठा भाग औषधांनीं व्यापलेला असे. मुंबईच्या गिरगांवांतून डोंगऱ्यांचें बालामृत, बाटलीवाल्यांचीं तापावरचीं औषधें, १८९३ सालीं मुंबईंतच निघालेलें अमृतांजन, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मथुरेच्या सुखसंचारक कंपनीचें सुधासिंधु, लाहोरची अमृतधारा, हीं नांवें त्या काळीं काशीपासून कारवारपर्यंत घरोघर झालीं ती जाहिरातींच्याच जोरावर. सरकारी दवाखाना तालुक्यास एखादा. तो पांचसात कोसांवर. घरांत मूल तापानें फणफणलेलें असतां आईबापांनीं पत्राच्या शेवटच्या पानाकडे वळावें यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

परंतु जाहिरात वाचून औषध घरीं येण्यास जी वाट लागते ती टपालखात्यानें बांधून दिली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १८७७ सालीं व्ही. पी.ची पद्धति सुरू झाली, १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, आणि १८८० सालीं मनिऑर्डर टपालखात्याकडे आली. ही तीन चाकें जुळलीं आणि मोफसल पत्रांतल्या जाहिरातीची गाडी चालूं लागली. खेड्यांतल्या माणसानें पाव आण्याचें कार्ड टाकावें. मुंबईच्या किंवा मथुरेच्या व्यापाऱ्यानें पार्सल धाडावें. पोस्टमननें दारांत पैसे घेऊन पार्सल द्यावें. आणि पैसे मनिऑर्डरीच्या वाटेनें व्यापाऱ्याकडे परत जावे. दोघांनीं एकमेकांचें तोंड जन्मांत पाहिलेलें नसतांही सौदा पुरा होई. हिंदुस्थानच्या व्यापारांत ही मोठीच क्रांति होती, आणि तीस दुकान लागलें नाहीं, पेढी लागली नाहीं.

याच व्यवस्थेंत ठकांचेंही फावलें. पैसे दिल्याखेरीज पार्सल हातीं यावयाचें नाहीं. आंत काय आहे तें फोडल्यावरच कळावयाचें. वर उल्लेखिलेलीं घरें नांवारूपास आलेलीं होतीं. पण त्यांच्या शेजारींच बिननांवाच्या किती तरी जाहिराती उभ्या असत. अमुक इतक्या डब्या घेणारास घड्याळ बक्षीस, असें वाचून कोणी पैसे भरावे आणि आंतून मुलांच्या खेळण्यांतलें, कांटे नुसते चितारलेलें घड्याळ निघावें, हा प्रकार तेव्हां सर्वश्रुत होता. वशीकरणाचे ताईत, एका रात्रींत काळे होणारे केंस, आणि तरुणांच्या नांवानें हांक मारून त्यांच्या लाजेवर पैसे मिळविणारीं पौष्टिक चूर्णें, यांचा तर सुळसुळाट होता. संपादक एका कोंपऱ्यांत बारीक अक्षरांनीं आपण जाहिरातींच्या खरेपणाबद्दल जबाबदार नाहीं असें छापून मोकळा होई. पहिल्या पानावर नीतीचा उपदेश आणि शेवटच्या पानावर असलीं चूर्णें! ही विसंगति त्यास कळत नव्हती असें नाहीं; पण कागदाचें बिल त्या चूर्णांतून भागत होतें. अशा औषधांच्या आणि मंत्रतंत्रांच्या जाहिरातींस आळा घालणारा स्वतंत्र कायदा हिंदुस्थानांत झाला तो १९५४ सालीं. तोंपर्यंत पाऊण शतक हा व्यापार राजरोस चालला, आणि त्याचा मोबदला भोळ्या माणसांनीं दारांतल्या पोस्टमनच्या हातीं रोख मोजला.

औषधांच्या खालोखाल जागा अडविणाऱ्या नोटिसा कोर्टकचेरीच्या. पूर्वापार जाहीर करण्याची रीत म्हणजे दवंडी. लिलावाची दवंडी मिळकतीच्या जागीं पिटावयाची, आणि जाहिरनामा मिळकतीवर व कोर्टाच्या भिंतीवर डकवावयाचा, ही रीत १९०८ च्या दिवाणी कायद्यांतही कायम राहिली. मात्र कोर्टास वाटल्यास स्थानिक वर्तमानपत्रांतही जाहिरनामा द्यावा, आणि तो खर्च विक्रीच्या खर्चांत धरावा, असें त्या कायद्यानें सांगितलें. मोफसल संपादकास या एका कलमाचा केवढा आधार होता! वर्गणीदार बुडवील, कापडवाला पुढच्या महिन्याचा वायदा करील. लिलावाच्या खर्चांत धरलेला पैसा मात्र सहसा बुडत नसे. तरींचे मक्ते, रस्त्यावरच्या झाडांच्या फळांचे लिलाव, दिवाबत्तीचा ठेका, शाळेस व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मास्तर पाहिजे, अशा लोकलबोर्डाच्या व म्युनिसिपालटीच्या नोटिसाही याच जातीच्या. पण त्या कोणत्या पत्रास मिळावयाच्या हें साहेबाच्या मर्जीवर, आणि साहेब पहिलें पानही वाचवून घेत असे. शेवटच्या पानाची किंमत पहिल्या पानावर कशी वसूल होते, हें जाणत्या वाचकास अग्रलेखाच्या सुरावरूनच उमजे.

रत्नागिरी जिल्ह्याचा खास मासला म्हणजे खोतीच्या नोटिसा. खोती एकाच्या नांवें असली तरी तींत भाऊबंदांचे अनेक हिस्से, आणि वहिवाट पाळीपाळीनें चाले. पाळी कोणाची, यावर तंटा. मग एकानें नोटीस द्यावी कीं कुळांनीं यंदाचा खंड आपल्याकडेच भरावा, दुसऱ्याकडे भरल्यास मजरे मिळणार नाहीं; दुसऱ्यानें पुढल्या अंकांत नेमकें उलट छापावें. दोन्ही नोटिशींचे पैसे संपादकास मिळत. बिचारें कूळ मात्र दोहोंच्या मध्यें चिरडलें जाई, आणि त्याची स्वतःची नोटीस त्या पानावर क्वचितच आढळावी. खोती रद्द करणारा कायदा मुंबई सरकारनें १९४९ सालीं केला, तेव्हां या नोटिशींचें मूळच खुंटलें.

परंतु या सर्व पानांत मनास विशेष चटका लावणारी नोटीस दत्तकाची. त्या काळच्या हिंदु कायद्याप्रमाणें बंगाल्यांत नवऱ्याची स्पष्ट परवानगी असल्यावांचून विधवेस दत्तक घेतां येत नसे. महाराष्ट्रांत मात्र, नवऱ्यानें मनाई केलेली नसल्यास आणि तो भावांपासून विभक्त असल्यास, तिला स्वतःच्या अधिकारानें दत्तक घेतां येई. हा अधिकार कागदावर मोठा होता. प्रत्यक्षांत दीर आणि चुलते तो सुखासुखीं चालूं देत नसत. निपुत्रिक भाऊ वारला म्हणजे त्याची जमीन आपलीच झाली असें धरून चालणाऱ्या भाऊबंदांच्या तोंडचा घांस त्या दत्तकामुळें जाई. म्हणून विधि झाला कीं लागलीच वकिलाकडून मजकूर लिहवून घ्यावयाचा, आणि तमाम लोकांस कळवावयाचें कीं अमक्या दिवशीं, इतक्या लोकांसमक्ष, अमक्याचा मुलगा आपण दत्तक घेतला आहे. सबब मिळकतीसंबंधानें दुसऱ्या कोणाशीं व्यवहार केल्यास तो आपणांवर बंधनकारक होणार नाहीं.

त्या नोटिशीच्या शेवटीं सही असे ती विधवेची. पुरुषाच्या नांवापुढें ‘बिन’ किंवा ‘वलद’ लिहून बापाचें नांव द्यावें, स्त्रीच्या नांवापुढें ‘कोम’ लिहून नवऱ्याचें द्यावें, असा दस्तऐवजांचा रिवाज होता. पण ‘कोम’च्या आधीं तिचें स्वतःचें नांव असे, हें विसरतां कामा नये. जिला घरांत कोणी नांवानें हांक मारीत नसे, जी माजघराबाहेर येत नसे, जी पुष्कळदां निरक्षर असे, तिचें नांव गांवच्या पत्रांत ठळक खिळ्यांनीं उमटे, आणि तेंही रडण्याकरितां नव्हे, तर हक्क सांगण्याकरितां. मजकूर वकिलाचा असेल, अंगठा तिचा असे. पुढल्या अंकांत दिराची उलट नोटीस येई कीं सदरहू दत्तक खोटा आहे. त्यानंतर काय झालें तें पत्र सांगत नाहीं. तें कोर्टाच्या दप्तरांत शोधावें लागतें.

याच्या उलट जातीचीही एक नोटीस असे. आपली बायको आपल्या संमतीवांचून घर सोडून गेली आहे, तिला कोणी कर्ज दिल्यास आपण जबाबदार नाहीं, असें नवऱ्यानें छापावें. ती कां गेली, हें सांगण्यास तिच्याजवळ ओळीचा दर भरण्यापुरते पैसे नसत. शेवटच्या पानावर बोलावयास हक्क लागत नसे हें खरें, पैसे लागत.

आणि पैसे असले म्हणजे सर्वांस जागा मिळे, असेंही नव्हतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेनें ‘मूकनायक’ हें पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजीं मुंबईस निघालें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्यास अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. हें पत्र निघत आहे एवढीच जाहिरात, रीतसर पैसे देऊं केले असतांही, ‘केसरी’नें घेतली नाहीं, असें बाबासाहेबांनीं पुढें स्वतः नमूद केलें आहे. ‘केसरी’ कांहीं मोफसल पत्र नव्हे. पण मोफसल संपादक ज्याच्याकडे पाहून आपलें पत्र चालवीत तें हें पत्र. ताईत, चूर्णें आणि फुकट घड्याळें यांस ज्या काळच्या वर्तमानपत्रांत मज्जाव नव्हता, त्या काळीं एका नव्या वर्तमानपत्राच्या नांवास जागा मिळूं नये, ही गोष्ट त्या वेळच्या मराठी समाजाबद्दल पुष्कळ अग्रलेखांहून अधिक सांगते.

स्वदेशीच्या चळवळीनें, म्हणजे १९०५ नंतर, या पानाची भाषा पालटली. ‘अस्सल विलायती’ ही जी आजवर मालाची शिफारस होती तीच आतां लाजिरवाणी ठरली, आणि ‘शुद्ध स्वदेशी’चा शिक्का जिकडे तिकडे दिसूं लागला. त्यांत खऱ्याबरोबर खोटेंही खपलें. जाहिरातीची शक्ति किती आणि तिची मर्यादा कोठें, हें मात्र एका नांगरानें चांगलें दाखविलें. बेळगांवास १८८८ सालीं सायकलींचें दुकान घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, कारण लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत. पत्र वाचणारा नांगर धरीत नसे, आणि नांगर धरणारा पत्र वाचीत नसे. तेव्हां छापील स्तुतीचा उपयोग कितीसा होणार? पुढें १९२० सालीं कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठीं म्हणून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली, आणि त्या जाहिरातीच्या पत्रकाचेंच कालांतरानें महाराष्ट्रांत घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. इतर पत्रांच्या पोटीं जाहिराती आल्या. येथें जाहिरातीच्या पोटीं पत्र आलें.

पहिल्या महायुद्धांत या पानावर सरकार स्वतःच गिऱ्हाईक म्हणून उतरलें. १९१७ सालचें युद्धकर्ज, त्याच वर्षीं निघालेलीं पोस्टाचीं कॅश सर्टिफिकिटें, पलटणींत भरती, यांच्या जाहिराती आल्या; आणि त्याच वेळीं कागद महागला. त्याच्या आधीं १९१० च्या प्रेस ॲक्टानें नव्या छापखानेवाल्याकडून पांचशें ते दोन हजार रुपये जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास दिलेला होताच. कांहींशें वर्गणीदारांच्या पत्रास ही रक्कम म्हणजे छापखान्यासकट घर विकण्यासारखीच. तो कायदा १९२२ सालीं रद्द झाला, पण तोंवर पुष्कळ लहान पत्रांचा आवाज बसला होता.

शेवटच्या पानाच्या अगदीं तळाशीं दोन ओळी असत. हें पत्र अमुक यांनीं, अमुक छापखान्यांत छापून, अमुक ठिकाणीं प्रसिद्ध केलें. १८६७ च्या कायद्याप्रमाणें त्या ओळी छापणें सक्तीचें होतें, आणि पोलिसांची चौकशी सुरू व्हावयाची ती तेथूनच. त्या ओळींच्या वर, उरल्यासुरल्या जागेंत, संपादकाची स्वतःची नोटीस येई. वर्गणीदारांस नम्र विनंति कीं मागील बाकी पाठवावी. पुढील अंक व्ही. पी.नें रवाना होईल, तो कृपा करून स्वीकारावा. ठरलेल्या दिवशीं अंक व्ही. पी.नें रवाना होत. ज्या गृहस्थांनीं वर्षभर पत्र वाचलेलें असे, वाचून शेजाऱ्यांस दिलेलें असे, आणि कदाचित् आपल्या दत्तकाची किंवा हरवलेल्या म्हशीची नोटीसही त्यांत छापविलेली असे, त्यांतले कित्येक त्या दिवशीं पोस्टमनला घरीं भेटत नसत. आठपंधरा दिवसांनीं ‘घेण्यास नाकारलें’ असा शेरा मारलेले अंक एकामागून एक छापखान्यांत परत येऊं लागत; संपादक ते मोजून बाजूस ठेवी, आणि तीच नोटीस न मोडतां पुढल्या आठवड्यास पुन्हां यंत्रावर चढवी.